मेण, गंध आणि वात : साहित्यनिवडीविषयी पत्र



सुगंधी मेणबत्त्या आणि घरात दरवळ राहावा म्हणून वापरायच्या इतर वस्तू तयार करून विकण्याचा मानस माझ्या भाचीने, मुक्ताने, कळवला आणि त्यासाठी कोणते मेण, कोणते सुगंधी तेल व कोणती भांडी घ्यावीत याची यादी मागितली. परंतु नुसती यादी हाती देणे तिच्या हिताचे ठरणार नाही, कारण या धंद्यात कोणतेही साहित्य एकेकटे चांगले किंवा वाईट नसते. मेण, गंध, भांडे आणि वात या चौघांचे एकमेकांशी जमले तरच मेणबत्ती नीट जळते, आणि जमले नाही तर महागातला महाग माल आणूनही ती मध्येच विझते, काजळी धरते, प्रसंगी काच तडकवते. शिवाय ही वस्तू विकत घेणारा माणूस ती आपल्या घरात, पडद्याजवळ, मुलाबाळांत पेटवणार असतो, तेव्हा साहित्याची निवड हा केवळ सौंदर्याचा किंवा नफ्याचा प्रश्न राहत नाही.

निवडीचा क्रम कळण्यासाठी ज्योतीचे काम कसे चालते हे आधी समजून घ्यावे. ज्योतीच्या उष्णतेने वातीभोवतीचे मेण वितळते, ते पातळ मेण केशाकर्षणाने, म्हणजे सूक्ष्म पोकळ्यांतून द्रव आपोआप वर चढण्याच्या गुणाने, वातीत शोषले जाते, टोकाशी त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते. मायकेल फॅरेडे यांनी १८६०-६१ च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी दिलेल्या मेणबत्तीवरील व्याख्यानांत ज्योतीच्या पोटातून ही वाफ नळीने बाहेर काढून दुसऱ्या टोकाशी पेटवून दाखवली होती. यावरून दोन गोष्टी निघतात: वात हा इंधन पुरवणारा मार्ग आहे, आणि मेण जितके घट्ट, गंध जितका जड व भांडे जितके रुंद, तितका त्या मार्गावरचा भार वाढतो. म्हणून भांडे, मेण आणि गंध आधी निश्चित करून वात शेवटी ठरवायची असते. नवशिके नेमके उलट करतात, वातीचे एक बंडल आणून ठेवतात आणि प्रत्येक भांड्यात तीच घालतात.

भांड्याबाबत मुक्ताने कठोर राहावे. जाड बुडाचा, उष्णतेसाठी बनवलेला काचेचा पेला किंवा शिवण नसलेला पत्र्याचा डबा ही सुरुवातीला सर्वांत विश्वासाची भांडी होत. लोणच्याच्या रिकाम्या बाटल्या, अरुंद गळ्याच्या बरण्या आणि कडेला टवका उडालेले पेले कितीही देखणे दिसले तरी घेऊ नयेत, कारण अरुंद गळ्यात उष्णता कोंडते आणि काचेची जुनी चीर तापमानातल्या फरकाने एकाएकी उघडते. आपल्याकडे दिवाळीच्या सुमारास मातीच्या साध्या भांड्यांत मेण ओतण्याची हौस फार आहे. बिनझिलईची भाजकी माती सच्छिद्र असते, पातळ मेण तिच्यात जिरत जिरत कडेपर्यंत व बाहेरपर्यंत येते, आणि भांडे पुरेसे तापले तर ती कडच वातीचे काम करू लागते. म्हणून मातीचे भांडे घ्यायचेच तर आतून झिलई दिलेले घ्यावे. कोकणात व गोव्यात पर्यटकांसाठी नारळाच्या करवंटीत मेणबत्त्या ओततात. करवंटी स्वतःच उत्तम जळते, याहून अधिक काही सांगण्याची गरज नाही.

मेणाच्या बाबतीत बाजारात पहिली गाठ पडते ती पॅराफिनशी. हे खनिज तेलाच्या शुद्धीकरणातून मिळणारे मेण असून आपल्या देशात आसाममधील दिग्बोई व नुमालीगढ येथील शुद्धीकरण कारखान्यांत ते तयार होते. ते विकत घेताना दुकानदाराला वितळणबिंदू आणि शुद्धतेची प्रत या दोन गोष्टी विचाराव्यात: ‘५८-६०’ किंवा ‘६०-६२’ हे आकडे मेण किती अंश सेल्सिअसला वितळते ते सांगतात, आणि ‘फुल रिफाइंड’ मालात तेलाचा अंश साधारण अर्ध्या टक्क्याच्या आत असतो. ‘सेमी रिफाइंड’ माल स्वस्त पडतो, पण तो बोटाला तेलकट लागतो, त्याचा स्वतःचा वास गंधात मिसळतो आणि धूरही अधिक होतो. साच्यातून काढायच्या उभ्या मेणबत्त्यांसाठी पॅराफिनमध्ये पाच ते दहा टक्के स्टिअरिक आम्ल घालतात. हे चरबी किंवा वनस्पतिजन्य तेलापासून मिळणारे, सुमारे ६९ अंशांना वितळणारे पांढरे आम्ल असून त्याने मेणबत्ती कडक व अपारदर्शक होते आणि साच्यातून सहज सुटते. सिलिकॉनचा साचा मात्र त्याच्या सततच्या वापराने लवकर खराब होतो, हे खर्चाच्या हिशोबात धरावे.

सोया मेणाला सध्या मोठी मागणी आहे. ज्या हायड्रोजनीकरणाने वनस्पती तूप तयार होते त्याच प्रक्रियेने सोयाबीनचे तेल घट्ट करून ते बनवतात. ते कमी तापमानाला ओतता येते, काचेला छान धरते आणि सांडले तर साबणाच्या गरम पाण्याने निघते. पण पेल्यात ओतायचे सोया मेण साधारण ४५ ते ५२ अंशांच्या दरम्यान वितळते, आणि एप्रिल-मेमध्ये नागपूर-चंद्रपूरकडे हवेचेच तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते. बंद टेम्पोतून प्रवास करणारे खोके त्याहून तापते. अशा मालाचा पृष्ठभाग घामेजतो, गंध वर येतो, वात कलंडते. त्यामुळे विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात माल पाठवायचा असेल तर अधिक वितळणबिंदूचे मिश्रमेण घ्यावे किंवा त्या हंगामात पत्र्याच्या झाकणबंद डब्यांपुरतेच काम ठेवावे. सोया मेणावर थंड होताना जी पांढरी, बुरशीसारखी नक्षी उठते ती भेसळ नव्हे, त्या मेणाच्या स्फटिकांची ती प्रकृतीच आहे. भेसळीचा खरा प्रश्न नावात असतो: ‘सोया मेण’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मालात पॅराफिन मिसळलेले असू शकते, आणि तसे मिश्रण वापरण्यात काहीही वाईट नाही, वाईट आहे ते ग्राहकाला शुद्ध सोया म्हणून विकणे. पुरवठादाराकडून घटकांचे प्रमाण लेखी मागावे, आणि तो ते देत नसेल तर वेष्टनावर ‘शुद्ध’ किंवा ‘नैसर्गिक’ हे शब्द मुक्ताने छापू नयेत.

मधमाश्यांचे मेण ६२ ते ६४ अंशांना वितळते, त्याला स्वतःचा मधाळ वास असतो आणि म्हणूनच त्यात वेगळा गंध घालणे बहुधा उधळपट्टी ठरते. ते थोडे मिळते व महाग मिळते. महाबळेश्वर भागातील मधपाळांकडे किंवा पुण्यातील केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत चौकशी केल्यास खात्रीच्या मालाची वाट सापडू शकते. पहिल्या वर्षी या मेणाच्या नादी लागू नये.

गंधाच्या खरेदीत सर्वांत जास्त फसवणूक होते, त्यामुळे येथे थोडे थांबणे योग्य. अत्तर, अर्क, वनस्पतींचे बाष्पनशील तेल आणि कारखान्यात जुळवलेले सुगंधी तेल या चार निराळ्या वस्तू आहेत. कनौजच्या पारंपरिक पद्धतीत फुले तांब्याच्या देगेत उकळून त्यांची वाफ चंदनतेलात उतरवतात. असे खरे अत्तर मेणात घालणे म्हणजे त्याचा नाश करणे होय. खाद्यपदार्थांचे अर्क बहुधा पाण्यात किंवा तत्सम द्रवात विरघळवलेले असतात, ते मेणात मिसळतच नाहीत आणि तळाशी थेंब धरून ज्योत तडतडवतात. गवती चहा, वाळा, पाचोली यांची बाष्पनशील तेले मेणात टिकतात, परंतु लिंबूवर्गीय तेलांचा वास पेटवल्यावर फिका पडतो. सोनचाफा किंवा मोगरा यांचा फुलांतून काढलेला खरा अर्क इतका महाग असतो की कोणी ‘शंभर टक्के नैसर्गिक चाफा तेल’ काही शे रुपयांत देऊ केले तर ती थाप आहे असे निःशंक समजावे. मेणबत्तीसाठी मुद्दाम जुळवलेले सुगंधी तेल प्रामाणिक नावाने वापरणे हेच बहुतेक वेळा योग्य असते.

असे तेल घेताना तीन कागद मागावेत. पहिला, आंतरराष्ट्रीय सुगंध संघटनेच्या, म्हणजे व्यवहारात ‘इफ्रा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आणि १९७३ साली स्थापन झालेल्या संस्थेच्या, मर्यादांनुसार दिलेले प्रमाणपत्र. त्यात निरनिराळ्या वापरांचे वर्ग असतात व मेणबत्ती बाराव्या वर्गात मोडते. दुसरा, सुरक्षा माहितीपत्रक. त्यावर ज्वलनांक, म्हणजे ज्या तापमानाला तेलाची वाफ ज्योत जवळ आणताच पेट घेते तो अंक, दिलेला असतो. ६० अंश किंवा त्याहून कमी ज्वलनांकाचे तेल वाहतुकीच्या नियमांत ज्वालाग्राही द्रव ठरते, त्यामुळे ते कुरिअरने मागवताना व घरात साठवताना वेगळी काळजी लागते. तिसरा कागद व्हॅनिलिनच्या प्रमाणाचा. व्हॅनिला, चॉकलेट, केक अशा गोड वासांत ते अधिक असते आणि त्यामुळे पांढरे मेण काही आठवड्यांत तपकिरी होते. तेलाचे प्रमाण बहुधा सहा ते दहा टक्के ठेवतात. हा टक्का मेणाच्या वजनावर काढला की एकूण वजनावर, हे स्पष्ट ठेवावे: ५०० ग्रॅम मेणात ४० ग्रॅम तेल म्हणजे मेणाच्या आठ टक्के, पण तयार मालाच्या सुमारे ७.४ टक्के, आणि प्रमाणपत्रातली मर्यादा तयार मालाला लागू असते. जास्त तेल म्हणजे जास्त सुगंध हा समज टाकून द्यावा; मेणाला पेलवेल त्यापलीकडचे तेल बाहेर झिरपते, वात चोंदवते आणि ज्योत भडकवते.

आता वात. सुताची विणलेली वात पेटल्यावर टोकाशी वाकते, ज्योतीच्या कडेच्या अतितप्त भागात शिरते आणि स्वतःला जाळून घेते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही वीण रूढ होण्यापूर्वी जळकी वात पुनःपुन्हा कात्रीने छाटावी लागे. देवाच्या समईसाठी वळलेली कापसाची वात तेलासाठी योग्य आहे, मेणाच्या भांड्यात ती तग धरत नाही. चपट्या विणीची, चौकोनी विणीची आणि मध्ये कागदाचा किंवा सुताचा गाभा असलेली असे प्रकार मिळतात. मधमाश्यांच्या मेणाला चौकोनी वीण मानवते, पेल्यातल्या मऊ मेणाला चपटी किंवा कागदी गाभ्याची. धातूचा गाभा असलेली बिननावाची वात घेऊच नये: शिशाच्या गाभ्याच्या वातींवर अमेरिकेने २००३ साली बंदी घातली, कारण त्यांच्या ज्वलनातून शिसे घरातल्या हवेत मिसळते. शंका आल्यास गाभा सोलून कागदावर घासून पाहावा. शिसे करडी रेघ उमटवते. कोकणातल्या पावसाळ्यात वात दमट होते, तेव्हा ती हवाबंद डब्यातच ठेवावी.

वातीचा आकार तक्त्यावरून फक्त अंदाजाने कळतो, निर्णय पेटवूनच घ्यायचा असतो. समजा सात सेंटिमीटर व्यासाचा पेला आहे. एकाच मेणाचे, एकाच गंधाचे तीन पेले ओतावेत, प्रत्येकात लगतच्या आकाराची वेगळी वात घालावी, सोया मेण असल्यास एक-दोन आठवडे मुरू द्यावे, मग वात पाच-सहा मिलिमीटर ठेवून वाऱ्यापासून दूर, एकमेकांपासून अंतरावर पेटवावेत आणि चार तास समोरून हलू नये. वात बारीक असेल तर तिच्याभोवती विहीर पडते आणि कडेचे मेण जसेच्या तसे राहते. जाड असेल तर ज्योत उंच होऊन थरथरते, टोकाला काजळीचे काळे बोंड धरते, काचेच्या कडेवर धुराचा पट्टा उमटतो आणि पेला हाताला सोसवत नाही. योग्य वातीचे मेण तीन-चार तासांत कडेपर्यंत वितळते आणि ते तळे साधारण एक-सव्वा सेंटिमीटरपेक्षा खोल जात नाही. पहिल्याच पेटवणीत समाधान मानू नये. मेणबत्ती तळाला आली की भांड्यात उष्णता अधिक कोंडते व दोष तेव्हाच उघडे पडतात, म्हणून रोज चार तास याप्रमाणे ती शेवटपर्यंत जाळावी आणि बुडाशी सुमारे एक सेंटिमीटर मेण उरले की थांबवावी. गंध बदलला की हीच परीक्षा पुन्हा करावी. मोगऱ्याला जमलेली वात चंदनाला जमेलच असे नाही.

रंगासाठी मेणात विरघळणारेच रंग घ्यावेत, चित्रकलेचे किंवा खाण्याचे रंग वात चोंदवतात. चकाकीची पूड आणि वाळलेली फुले मेणात खोचण्याचा मोह टाळावा, कारण फुले पेट घेतात. काड्यांचे सुगंधपात्र करायचे असेल तर वेताच्या काड्या घ्याव्यात: वेतात टोकापासून टोकापर्यंत सलग नळ्या असतात, बांबूत पेरे आडवे येतात. उपकरणांत एक ग्रॅमपर्यंत अचूक वजनकाटा, तापमापक आणि उकळत्या पाण्यात ठेवण्याजोगे दुसरे भांडे पुरे. मेण थेट आचेवर ठेवू नये आणि पेटलेच तर पाणी न टाकता झाकण घालून गुदमरवावे. विक्रीच्या वेष्टनावर निव्वळ वजन, कमाल किंमत, निर्मितीचा महिना व वर्ष आणि उत्पादकाचे नाव-पत्ता हा तपशील २०११ च्या आवेष्टित वस्तू नियमांनुसार द्यावा लागतो.

खरेदीसाठी मुंबईत क्रॉफर्ड मार्केट व प्रिन्सेस स्ट्रीटचा परिसर, पुण्यात रविवार पेठ येथे प्रत्यक्ष जाऊन माल हाताळावा आणि वास घ्यावा. पहिल्या खेपेला एकाच जातीचे पाच किलो मेण, दोनच गंध, एकाच व्यासाचे दोन डझन पेले आणि वातीचे चार आकार एवढेच घ्यावे, आणि त्या पेल्यांपैकी निदान सहा शेवटपर्यंत जळलेले पाहिल्याखेरीज दिवाळीची एकही ऑर्डर मुक्ताने स्वीकारू नये.