मेंदूचे बाह्य उद्दीपन आणि व्यक्तिभेद

कवटी न उघडता आणि वेदना न होऊ देता मेंदूचा एखादा भाग चेतवता येतो, हे 1985 साली इंग्लंडमधील शेफील्ड येथे अँथनी बार्कर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. त्यांची युक्ती फॅराडेच्या विद्युत्-चुंबकीय प्रवर्तनाच्या तत्त्वावर आधारलेली होती. तारेचे वेटोळे डोक्यावर धरून त्यातून क्षणमात्र प्रबळ विद्युत्प्रवाह सोडला, की निर्माण होणारे चुंबकीय क्षेत्र कवटीतून विनासायास आत शिरते आणि खालच्या मज्जापेशींना चेतवते. हाताचे नियंत्रण करणाऱ्या भागावर वेटोळे धरल्यास बोट आपोआप उडते. स्नायूतील हा प्रतिसाद मोजता येत असल्यामुळे मेंदूचा तो भाग किती उत्तेजनक्षम आहे, याचे एक माप संशोधकांच्या हाती आले.

मापामागोमाग बदल घडवण्याची आकांक्षा आली. 2000 साली जर्मनीतील ग्योटिंगेन येथे निट्शे व पाउलुस यांनी डोक्यावर इलेक्ट्रोड ठेवून अवघ्या 1 मिलीअँपिअरचा प्रवाह काही मिनिटे वाहू दिला. हालचालींच्या केंद्रावर धन इलेक्ट्रोड असता त्याची उत्तेजनक्षमता वाढली, ऋण असता घटली. पुढे 2005 साली लंडनमध्ये हुआंग, रॉथवेल प्रभृतींनी चुंबकीय स्पंदांचे तीन-तीनांचे गुच्छ, सेकंदाला पाच या गतीने दिले. असे 600 स्पंद सलग 40 सेकंदांत दिले तर उत्तेजनक्षमता मंदावते. तेच 600 स्पंद मध्ये मध्ये विश्रांती देत सुमारे तीन मिनिटांत दिले तर ती वाढते. नियम सुटसुटीत होता. पक्षाघाताने लुळा पडलेला हात किंवा औषधांना न जुमानणारे नैराश्य यांवर उपाय सापडल्याची आशा वाटू लागली, ती यामुळेच.

मात्र आरंभीच्या या प्रयोगांत भाग घेणाऱ्या व्यक्ती थोड्या होत्या. 2013 साली हमादा, रॉथवेल व सहकाऱ्यांनी पन्नासहून अधिक निरोगी व्यक्तींवर वरील दोन्ही स्पंदक्रम वापरून पाहिले, तेव्हा सरासरी परिणाम शून्याच्या आसपास निघाला. दोन्ही क्रमांना अपेक्षेप्रमाणे प्रतिसाद देणारे जेमतेम चौथा हिस्सा भरले. पुढच्याच वर्षी लोपेझ-अलोन्सो व सहकाऱ्यांनी 56 व्यक्तींवर तीन निरनिराळ्या पद्धती तपासल्या. अपेक्षित दिशेने प्रतिसाद देणाऱ्यांचे प्रमाण 39, 45 आणि 43 टक्के आढळले. नाणे उडवून याहून वाईट निकाल लागला नसता.

असे का व्हावे? कवटीची जाडी, तिच्याखालील द्रवाचा थर आणि मेंदूच्या पृष्ठभागावरील वळ्या प्रत्येकाच्या निराळ्या असतात. सबब बाहेरून सारखाच दिलेला प्रवाह आत सारखा पोहोचत नाही. हमादा यांना आढळलेले कारण अधिक खोलातले आहे. चुंबकीय स्पंद हालचालींचा आदेश धाडणाऱ्या पेशींना बहुतांशी थेट चेतवत नाही, तर त्यांच्याशी जोडलेल्या मधल्या पेशींच्या जाळ्यामार्फत चेतवतो. कोणाचे कोणते जाळे आधी जागे होईल, हे व्यक्तीगणिक बदलते. वेटोळ्याची दिशा बदलून प्रतिसादाला लागणारा काही मिलीसेकंदांचा विलंब मोजला, की हा फरक उघड होतो. एकूण तफावतीपैकी सुमारे निम्मी याच एका गोष्टीशी निगडित निघाली.

उरलेल्या तफावतीचे धागे अनेक आहेत. वय, दिवसाचा प्रहर, रक्तातील कॉर्टिसॉल आणि प्रयोगापूर्वी हाताने केलेले काम यांचा प्रभाव पडतो. आधीच चेतलेला मेंदू अधिक चेतवण्याला विरोध करतो, जणू स्वतःचा समतोल राखतो. मज्जापेशींच्या पोषक प्रथिनाच्या एका जनुकभेदाकडेही बोट दाखवले गेले, परंतु नंतरच्या अभ्यासांनी त्याला एकमुखी दुजोरा दिला नाही. मात्रेचे गणितही सरळ नाही. ऋण इलेक्ट्रोडखाली 2 मिलीअँपिअरचा प्रवाह 20 मिनिटे दिला असता उत्तेजनक्षमता घटण्याऐवजी वाढली, असे 2013 साली ग्योटिंगेनमध्येच दिसून आले.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. माणसांची ‘प्रतिसाद देणारे’ आणि ‘न देणारे’ अशी विभागणी करणे सोयीचे खरे, पण हा काही रक्तगट नव्हे. स्नायूतील प्रतिसाद मुळातच दर स्पंदाला कमीअधिक होतो. खोटे उद्दीपन दिले तरीही काहींची उत्तेजनक्षमता निव्वळ योगायोगाने वाढलेली दिसेल. शिवाय आज प्रतिसाद देणारी व्यक्ती पुढच्या आठवड्यात देईलच असे नाही. तीच व्यक्ती अनेकदा तपासल्याविना आणि खोट्या उद्दीपनाशी तुलना केल्याविना अशी शिक्कामोर्तबे करणे घाईचे ठरेल.

रुग्णांच्या दृष्टीने हा वाद केवळ प्रयोगशाळेतला नाही. औषधांनी गुण न आलेल्या नैराश्यासाठी चुंबकीय उद्दीपनाला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2008 साली मान्यता दिली. या उपचारात स्पंदाची तीव्रता रुग्णाचे बोट किती जोराच्या स्पंदाने हलते, त्यावरून ठरवतात. उपचार मात्र कपाळामागील वेगळ्याच भागावर होतो. तेथे त्वचेपासून मेंदूपर्यंतचे अंतर तितकेच असेल, याची हमी बोट देऊ शकत नाही. म्हणूनच काही संशोधक प्रत्येक रुग्णाच्या मेंदूची प्रतिमा घेऊन वेटोळ्याची जागा ठरवतात, तर काही मेंदूतील विद्युत्-लहरींच्या चढउतारांकडे लक्ष ठेवून स्पंदाचा क्षण साधण्याच्या प्रयत्नात आहेत.