मूतखडा शोधताना सापडलेली गाठ

खालापूर तालुक्यातले एक पन्नाशीचे शेतकरी मूतखड्याच्या कळांनी बेजार होऊन माझ्याकडे आले. सीटी स्कॅन केला. खडा दिसलाच, पण रिपोर्टात आणखी एक ओळ होती : डाव्या अधिवृक्क ग्रंथीत दोन सेंटिमीटरची गाठ. खडा आठवड्यात पडून गेला. गाठीने मात्र घराची झोप उडवली. "डॉक्टरसाहेब, कॅन्सरच ना?" मुलाने विचारले. कोणा पाहुण्याने तर 'सुई घालून तुकडा तपासा' असा सल्लाही दिला होता.

अधिवृक्क ग्रंथी म्हणजे मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या, जेमतेम चार-पाच ग्रॅमच्या दोन ग्रंथी. रक्तदाब, साखर, क्षार यांचा तोल राखणारी हार्मोन्स त्या बनवतात. दुसऱ्याच कारणासाठी पोटाचा स्कॅन केलेल्या शंभरांतल्या दोन-चार जणांत अशी गाठ आढळते आणि बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात.

हे ओळखायचे कसे? सीटी यंत्र घनता आकड्यात मोजते. पाणी शून्य, हवा उणे १०००. (या मापाला हाउन्सफील्ड यांचे नाव आहे. सीटीसाठी १९७९ चे नोबेल त्यांना विभागून मिळाले.) साध्या गाठीत बहुधा चरबी भरपूर, म्हणून आकडा खाली उतरतो. गाठ एकसारखी दिसली आणि आकडा १० किंवा कमी आला, तर ती कॅन्सरची नाही असे धरतात; पुन्हा पुन्हा स्कॅन लागत नाही. मात्र हा आकडा शिरेतून डाय न देता काढलेल्या स्कॅनचाच हवा. डायने तो चढतो. मूतखड्याचा स्कॅन बहुधा बिनडायचा असतो, हे आमच्या पेशंटचे नशीब! ४ सेंटिमीटरहून मोठी, आतून ओबडधोबड गाठ असेल तर प्रकरण वेगळे. तिथे शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो.

पण ग्रंथी जादा हार्मोन ओतते का, हे फिल्मवर दिसत नाही. त्यासाठी रात्री डेक्सामेथासोनची एक मिलिग्रॅम गोळी देऊन सकाळी रक्तातील कॉर्टिसॉल पाहतात. आकडा १० च्या वर असेल, तर मेटानेफ्रिनची तपासणीही हवीच. फिओक्रोमोसायटोमा नावाच्या गाठीत डोके ठणकते, दरदरून घाम येतो, छाती धडधडते. अशा गाठीत सुई घातली तर रक्तदाब एकदम भडकून जिवावर बेतू शकते. म्हणून ही शंका फिटेपर्यंत सुईचे नाव काढू नये.

आमच्या पेशंटचा आकडा ४ होता. परंतु रक्तदाबाच्या गोळ्या जुन्याच चालू, म्हणून अल्डोस्टेरॉनही तपासायला हवे होते. परळच्या के.ई.एम. रुग्णालयात या ग्रंथींचा स्वतंत्र विभाग आहे. लोकलने दादर गाठले की फार लांब नाही. तिथल्या तपासण्या बिनधोक आल्या. जाताना नुसता रिपोर्ट नव्हे, मूळ फिल्म आणि सीडीही न्यावी.