खुब्याचं हाड सुकतंय? आधी एमआरआयचे पैसे काढा

आवणीत वाकताना जांघेत कळ येते, मांडी घालता येत नाही, चाल लंगडी होते. शहापूर तालुक्यात किन्हवलीकडे याला सर्रास 'कमरेत वात' म्हणतात आणि मालिश-इंजेक्शनांवर महिने जातात. दुखणं खुब्याचं असेल, तर हे महिनेच सगळ्यात महाग.

खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटला की हाड मरतं. डॉक्टर त्याला एव्हीएन म्हणतात. जास्त दिवस घेतलेली स्टेरॉइडं, दारू, खुब्याजवळचं फ्रॅक्चर आणि सिकलसेल ही मोठी कारणं. (स्टेरॉइड चालू असेल तर मनाने बंद करू नका.)

सुरुवातीला एक्स-रे साफ येतो, म्हणून तिथे थांबू नका. खासगी एमआरआय साधारण 5 ते 8 हजारांना पडतो. तो दोन्ही खुब्यांचा काढा, दुसरी बाजूही पुष्कळदा धरलेली असते.

गोळा अजून शाबूत असेल, तर हाडाला भोक पाडून आतला दाब कमी करतात. खासगीत खर्च लाखाच्या आसपास. काही डॉक्टर अलेन्ड्रोनेट देतात, आठवड्याला एक गोळी. ती स्वस्त आहे, पण सगळ्यांना गुण येतोच असं नाही. गोळा चेपला की मात्र खुबा बदलणं हाच खात्रीचा मार्ग. खासगीत 2 ते 4 लाख. केंद्राने 2017 मध्ये किमतीला लगाम घातला तो गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याच्या, खुब्याच्या नव्हे. म्हणून सांध्याची किंमत एस्टिमेटमध्ये वेगळी लिहून मागा. वॉकर आणि कमोडच्या खुर्चीचे पैसेही धरा.

शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपरसकट उपचार मोफत आहेत. तिथून चिठ्ठी घेऊन आसनगावच्या लोकलने कळवा, शीव, केईएम किंवा जे. जे. रुग्णालय गाठा. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांचं संरक्षण आहे, पण तुमची शस्त्रक्रिया त्यात आणि त्या रुग्णालयात बसते का, हे तिथल्या योजनेच्या आरोग्यमित्राकडून किंवा 155388 वर विचारून घ्या. धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि 10 टक्के दुर्बलांना सवलतीत असतात. त्यासाठी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो. तोच दाखला मुख्यमंत्री सहाय्यता निधीलाही लागतो, आणि तिथला अर्ज ऑपरेशनच्या आधीच करावा लागतो. बिल भरून झाल्यावर पैसे परत मिळत नाहीत.