आठाच्या पुढे जाऊ नकोस

परवा फोनवर तू विचारलंस, "आत्या, वीस बाय पन्नासची दुर्बीण मिळतेय, साडेतीन हजारात. घेऊ का?" माझा एक हात कणकेत होता, म्हणून "थांब" एवढंच म्हटलं. आता नीट सांगते.

आपल्या घरात दुर्बीण आली ती शिकारीपायी. तुझे आजोबा सोलापूर-बार्शीच्या माळावर काळविटाच्या मागे जायचे. काळवीट चालत्या माणसाला बुजतं, पण बैलगाडीला सरावलेलं असतं. म्हणून गाडीच्या आडोशाने, बैलांच्या चालीने सरकत जायचं. गाडीतच एका पोत्यावर दुर्बीण असायची. लष्कराच्या मोडीतून घेतलेली, सहा बाय तीसची, एका भिंगात मोजमापाच्या बारीक रेघा आखलेली. नर की मादी हे दुर्बिणीतून पक्कं झाल्याशिवाय बार काढायचा नाही, असा त्यांचा नेम होता. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, आपल्या घरची बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली आणि खुंटीवर राहिली ती दुर्बीण. आजोबा आठवडाभर कुणाशी धड बोलले नाहीत. मग एका पहाटे दुर्बीण गळ्यात अडकवून निघाले आणि मला म्हणाले, "चल, बघून तरी येऊ." मी पक्षी बघायला लागले ती अशी.

सांगायचं काय, तर ती दुर्बीण फक्त सहा पट मोठं दाखवायची. तेवढ्यावर ते अर्ध्या मैलावरचा नर ओळखायचे.

दुर्बिणीवर दोन आकडे असतात. पहिला किती पट जवळ दिसेल त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. दुकानदार पहिला आकडा मोठ्याने सांगतो. तू मात्र हिशोब कर. काळवीट ४०० मीटरवर आहे. आठ पटीच्या दुर्बिणीतून ते ५० मीटरवर असल्यासारखं दिसेल, दहा पटीतून ४० मीटरवर, वीस पटीतून २० मीटरवर. आठावरून दहावर गेलास तर कमाई दहा मीटरची. पण दुर्बीण जेवढ्या पटीने काळवीट मोठं करते तेवढ्याच पटीने तुझ्या हाताची थरथरही मोठी करते. चालून दमलेला, श्वास लागलेला माणूस वीस पटीची दुर्बीण डोळ्याला लावतो तेव्हा त्याला काळवीट दिसत नाही, काळविटाच्या रंगाचं काहीतरी हलताना दिसतं. दहा पटीची हातात धरता येते, पण सराव लागतो. बाराच्या पुढे तिकाटणं हवंच. ते उचलून माळावर फिरायला तू काही मोजणीदार नाहीस.

आणि आपल्या माळाची आणखी एक गंमत. नान्नजला सकाळी दहानंतर जमीन तापली की हवा थरथरायला लागते, लांबचं सगळं पाण्यातल्यासारखं हलतं. त्या वेळी कितीही पटीची दुर्बीण लाव, ती थरथरच मोठी करून दाखवते. लांबचं बघायचं तर पहाटे जायचं. पैसे टाकून हे सुटत नाही.

आता दुसरा आकडा. दुसऱ्याला पहिल्याने भाग. ४० भागिले ८, म्हणजे ५. दुर्बिणीतून तुझ्या डोळ्यात शिरणारी प्रकाशाची चकती पाच मिलिमीटरची. ती खिशात मावणारी दहा बाय पंचवीसची छोटुकली असते ना, तिची चकती अडीचची. व्यास निम्मा म्हणजे क्षेत्रफळ पाव, हे शाळेत शिकला आहेस. भर दुपारी आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असते, त्यामुळे दोन्ही दुर्बिणी सारख्याच उजळ वाटतात, आणि दुपारी दुकानात गेलेला माणूस इथेच फसतो. जनावर आणि पक्षी मात्र हालचाल करतात ती पहाटे आणि तिन्हीसांजेला. तेव्हा तुझ्या वयात बाहुली सहा-सात मिलिमीटरपर्यंत उघडते आणि छोटुकलीतून नुसता अंधार दिसतो. माझ्या वयात बाहुली पाचाच्या पुढे फारशी जात नाही, म्हणून जहाजावरची सात बाय पन्नासची दुर्बीण मला कुणी फुकट दिली तरी नको. तिचा जास्तीचा उजेड माझ्या डोळ्याबाहेरच सांडणार, वर किलोभर वजन मानेला.

म्हणून माझा आकडा ठरलेला आहे. आठ बाय चाळीस, नाहीतर आठ बाय बेचाळीस. वजनाला फार वाटत असेल तर आठ बाय बत्तीस, पण कातरवेळी थोडं सोसावं लागेल.

मागच्या वेळी तू "झूम असलेली घेऊ का" म्हणाला होतास. नको. स्वस्तातल्या झूम दुर्बिणीत दिसणारा परिसर नळीतून बघितल्यासारखा अरुंद, आणि पट वाढवली की चित्र काळवंडतं. पुढचा प्रश्न.

आतमध्ये लोलक असतात, ते दोन तऱ्हांनी बसवतात. एकीत पुढची भिंगं एकमेकांपासून लांब आणि नळी मध्येच खांदा काढल्यासारखी वाकलेली. ही पोरो. पोरो नावाच्या इटालियन माणसाने १८५४ साली ही रचना काढली. दुसरीत नळ्या सरळसोट, दिसायला देखणी, बॅगेत पटकन मावणारी, तिला रूफ म्हणतात. लोकांना रूफ आवडते कारण ती नवी दिसते. पण रूफच्या लोलकावर खास लेप दिल्याशिवाय चित्र खणखणीत येत नाही. झाइसने तो लेप १९८८ मध्ये आणला. महागड्या दुर्बिणींत तो असतोच, स्वस्तातल्या कितीतरींत नसतो. पोरोला त्याची गरजच नाही. तेव्हा दहा हजारांच्या आत घ्यायची असेल तर डोळे मिटून पोरो घे. बेंगरूळ दिसते, दिसू दे. निकॉनची ॲक्युलॉन आठ बाय बेचाळीस किंवा ऑलिंपसची डीपीएस आठ बाय चाळीस या जातीच्या. वजन पाऊण किलोच्या आसपास, आणि हजार मीटरवर जवळजवळ १४० मीटर रुंदीचा पट्टा दिसतो. उडत्या पक्ष्याला पकडायला हा रुंद पट्टा फार उपयोगाचा. खोटही सांगून ठेवते. या दोन्ही पावसात भिजवायच्या नाहीत, आणि चार-पाच मीटरच्या आतलं त्यांना स्पष्ट दिसत नाही. तुला फुलपाखरं बघायची असती तर मी दुसरं काही सुचवलं असतं.

दुकानात जाताना खिशात फूटपट्टी ठेव. हसू नकोस. वीसेक वर्षांपूर्वी एका जत्रेतल्या ठेल्यावरून मी एक दुर्बीण घेतली होती. तिच्यावर सोनेरी अक्षरात ६० बाय ६० लिहिलेलं, वर "रात्रीही दिसते" म्हणून हवाला. घरी येऊन भिंग मोजलं तर पस्तीस मिलिमीटर! मग एका डोळ्याने दुर्बिणीतून आणि दुसऱ्या उघड्या डोळ्याने समोरच्या इमारतीची जाळी बघितली. दोन्ही चित्रं एकमेकांवर पडतात, दुर्बिणीतल्या एका खणात उघड्या डोळ्याचे किती खण मावतात ते मोजायचं. जेमतेम आठ मावले. म्हणजे ६० बाय ६० म्हणून मी आठ बाय पस्तीस घेऊन आले होते, तीही वाईट भिंगांची. शिवाय भिंगं लालभडक, आरशासारखी चमकणारी. ती लाली दिसली की दुर्बीण खाली ठेवायची. तांबडा प्रकाश भिंग बाहेरच परतवून लावतं, आणि आत सगळं हिरवट-निळसर दिसतं.

चांगलं भिंग ट्यूबलाइटखाली तिरकं धरलं तर त्यात फिकट हिरवं किंवा जांभळं प्रतिबिंब दिसतं. पांढरंशुभ्र, झगझगीत दिसलं तर त्यावर लेप नाही. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे चार टक्के प्रकाश परत जातो, आणि दुर्बिणीत असे पृष्ठभाग दहा-बारा असतात. गुणाकार तूच कर. मग दुर्बीण हातभर लांब धरून आकाशाकडे कर, सूर्याच्या बाजूला अजिबात नाही. डोळ्याकडच्या भिंगात उजेडाच्या दोन चकत्या दिसतील. त्या पूर्ण गोल हव्यात. कडेने कापल्यासारख्या चौकोनी, करड्या कडांच्या असतील तर लोलक हलक्या काचेचा आहे.

दुकानाच्या आत बघून काही कळत नाही. दुकानदाराला विचारून दारापर्यंत ये, लांबची विजेची तार शोध. डोळ्याला लावून दोन मिनिटं बघत राहा, मग दुर्बीण हळूहळू डोळ्यापासून वीतभर मागे घे. तार दोन्ही चकत्यांत एकाच उंचीवर राहिली पाहिजे. एकीत वर, एकीत खाली झाली तर दोन्ही नळ्यांची जुळणी बिघडलेली आहे. अशी दुर्बीण डोळे कसेबसे ओढून जुळवून घेतात आणि तासाभराने कपाळ ठणकतं, आणि आपल्याला वाटतं ऊन लागलं. एकाच मॉडेलच्या दोन नगांतही हा फरक असतो, म्हणून डबाबंद नग घेऊ नकोस. जो डोळ्याला लावून बघितलास तोच घे. ऑनलाइन स्वस्त मिळते हे मलाही माहीत आहे. परत करायची सोय असेल तरच मागव, आणि आल्या दिवशीच तार बघ.

तुला चष्मा आहे, त्याचं विसरत होते. डोळ्याकडचे रबरी कप दुमडून चष्म्यासकट बघ. चित्राच्या कडा गायब झाल्या तर ती तुझ्यासाठी नाही. माहितीपत्रकात डोळ्याचं अंतर दिलेलं असतं, ते पंधरा मिलिमीटरच्या वर हवं.

जुनी रशियन दुर्बीण कुणी देत असेल, आठ बाय तीसची, तर नाक मुरडू नकोस. चित्र किंचित पिवळसर दिसतं, पण भिंगं चांगली असतात. फक्त मोठ्या भिंगाच्या बाजूने बॅटरी मारून आत बघ. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी, आणि ती काढायचा खर्च दुर्बिणीच्या किमतीपेक्षा जास्त. रत्नागिरीच्या काकांची दुर्बीण अशीच गेली, दोन पावसाळे चामड्याच्या म्यानात ठेवून. पावसाळ्यात दुर्बीण हवाबंद डब्यात सिलिकाच्या पुड्यांसोबत ठेवायची. निळे दाणे गुलाबी झाले की ते तव्यावर मंद आचेवर गरम करून पुन्हा निळे करायचे, आणि तो तवा पोळ्यांना वापरायचा नाही.

घेतल्यावरचं पहिलं काम. उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्या डोळ्यात चित्र स्पष्ट कर. मग डावा मिटून चाकाला हात न लावता उजव्या भिंगाची कडी फिरव. जिथे जमलं तिथे कडीवर नेलपॉलिशचा ठिपका दे, बहिणीकडे असेलच. दुर्बीण वाईट म्हणून परत करणाऱ्यांत ही कडी कधी फिरवलीच नाही असे कितीतरी असतात. पट्टा आखूड कर, पोटावर आपटायला नको. भिंग शर्टाच्या टोकाने पुसायचं नाही. आधी फुंकणीने धूळ उडवायची, माळावरची धूळ म्हणजे बारीक वाळूच. आणि सूर्याकडे चुकूनही नाही. त्याने डोळा जातो, आणि जाताना दुखतही नाही.

आजोबांनी मला शिकवलेलं एवढंच की दुर्बिणीने शोधायचं नसतं. आधी उघड्या डोळ्याने माळ वाचायचा, कुठे गवत हललं, कुठे टिटवी ओरडली. सापडलं की नजर तिथून हलवायची नाही. मान खाली घालून दुर्बीण शोधत बसलास की गेलं. नजर तिथेच ठेवून दुर्बीण वर आणायची, डोळे आणि पक्षी यांच्या मधे. कोपरं बरगड्यांना टेकवायची किंवा बसून गुडघ्यांवर. जमायला महिना लागतो.

डिसेंबरात नान्नजला सूर्य मावळताना भोवत्या पक्षी गवतात मुक्कामाला उतरतात, उजेड जेमतेम अर्धा तास टिकतो. त्याच्या आधी दुर्बीण घे, पावती जपून ठेव, आणि येताना भिगवणला उतरून तासभर सराव करून ये. रोहित मोठे असतात, हळू चालतात, शिकणाऱ्याला बरे. मी डबा करून ठेवते.