विहिरीवरील विजेची मोटार : ती का फिरते व का जळते

विहिरीवर विजेचा पंप बसला, म्हणजे शेतकऱ्याचे सारे बागाईत त्या एका मोटारीवर अवलंबून राहते. ऐन उन्हाळ्यात मोटार जळाली, तर वायंडिंग पुन्हा भरून येईपर्यंत पाण्याच्या पाळ्या चुकतात, पीक सुकते आणि दुरुस्तीचा भुर्दंड पडतो तो वेगळाच. मोटार कशाने जळते हे कळण्यासाठी ती कशाने फिरते हे प्रथम समजून घेणे अगत्याचे आहे.

वीज आणि चुंबकत्व यांचा संबंध

लोहचुंबक लोखंडास ओढतो. तांब्यास ओढत नाही, हे सर्वांच्या अनुभवाचे आहे. तथापि तांब्याच्या तारेतून वीजप्रवाह वाहू लागला की तिच्याभोवती चुंबकत्व उत्पन्न होते. हा शोध डेन्मार्कमधील शास्त्रज्ञ ओर्स्टेड यांनी १८२० साली लावला. प्रवाह चालू असलेल्या तारेजवळ होकायंत्राची सुई बाजूस वळते, असे त्यांना आढळले. पुढे इंग्लंडमधील मायकेल फॅराडे यांनी १८३१ साली याची दुसरी बाजू दाखवून दिली. वाहकाजवळचे चुंबकत्व हलले अथवा कमीजास्त झाले, तर त्या वाहकात आपोआप प्रवाह उत्पन्न होतो. निकोला टेस्ला यांनी १८८८ साली ज्या मोटारीचे पेटंट मिळविले, ती याच दोन तत्त्वांवर चालते. आणि विहिरीवरील मोटार त्याच जातीची आहे.

मोटारीची रचना व कार्य

मोटारीच्या स्थिर भागात तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. तीन फेजांतील प्रवाह एकाच वेळी भरास येत नाहीत. एकामागून एक येतात. त्यामुळे वेटोळ्यांतील चुंबकत्व जागच्या जागी न राहता गोल फिरू लागते. मधल्या फिरत्या भागात तांब्याच्या अथवा ॲल्युमिनियमच्या कांड्या दोन्ही टोकांस कड्यांनी जोडलेल्या असतात. त्यांना बाहेरून वीज दिलेली नसते. फिरत्या चुंबकत्वामुळे त्यांच्यात प्रवाह उत्पन्न होतो आणि त्या चुंबकत्वामागे त्या ओढल्या जातात. दोन ध्रुवांच्या मोटारीत चुंबकत्व मिनिटाला ३००० फेरे घेते. मोटार मात्र त्याहून थोडी मागे राहते. ती अगदी बरोबरीने धावली, तर कांड्यांत प्रवाहच उत्पन्न होणार नाही.

मोटार जळण्याची कारणे

१. एक फेज जाणे : तीनपैकी एक फेज गेला की चुंबकत्व फिरत नाही, एकाच रेषेत कमीजास्त होते. बंद असलेली मोटार अशा वेळी सुरू केल्यास ती नुसती गुणगुणते, फिरत नाही. तिच्यातून मात्र नेहमीच्या कित्येक पट प्रवाह वाहतो. चालू मोटार भरल्या भाराखाली तशीच फिरत राहिली, तर उरलेल्या दोन तारांतील प्रवाह सुमारे पावणेदोनपट होतो. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे ती जवळजवळ तिप्पट होते. तारेवरील आवरण करपते व मोटार जळते.

२. व्होल्टेज कमी असणे : व्होल्टेज एकपंचमांशाने उतरले, तर मोटारीची ओढ एकतृतीयांशाहून अधिक घटते. पाणी तेवढेच उचलावयाचे असल्याने मोटार अधिक प्रवाह घेते व तापते.

३. कंडेन्सर लावून दोन फेजांवर चालविणे : ही प्रथा काही ठिकाणी आढळते. यात तीन वेटोळ्यांतील प्रवाह सारखे राहत नाहीत आणि एखादे वेटोळे अधिक तापते. योग्य क्षमतेचा कपॅसिटर तिन्ही फेजांवर बसविणे ही निराळी गोष्ट आहे. त्याने तारांतील अनावश्यक प्रवाह कमी होतो. या दोहोंत गल्लत करू नये.

शेतकऱ्यांनी घ्यावयाची दक्षता

स्टार्टरमधील ओव्हरलोड रिले मोटारीच्या पाटीवरील अँपिअरनुसार लावावा व तो कधीही काढून टाकू नये. फेज गेल्यास मोटार बंद करणारे साधन बसवावे. फ्यूजमध्ये ठरलेलीच तार घालावी. जाड तार घातल्यास फ्यूज वाचतो आणि मोटार जळते. मोटार सुरू करण्यापूर्वी तिन्ही फेजांचे व्होल्टेज पाहावे. मोटार गुणगुणत असल्यास ताबडतोब बंद करावी. पंप उलटा फिरत असल्यास वायरमनकडून कोणत्याही दोन फेजांच्या तारांची अदलाबदल करवून घ्यावी. वीज येताच मोटार आपोआप सुरू करणारा स्विच शक्यतो वापरू नये. सुरू होताना प्रत्येक मोटार पाच ते सात पट प्रवाह घेते. सर्व मोटारी एकदम सुरू झाल्या, तर रोहित्रावर भार पडून साऱ्या शिवाराचे पाणी बंद पडू शकते. मोटारीचे व स्टार्टरचे अर्थिंग सुस्थितीत ठेवावे.

ग्रामसेवकांनी उन्हाळी हंगामापूर्वी या गोष्टी शेतकऱ्यांना प्रत्यक्ष स्टार्टरजवळ, मुख्य स्विच बंद करून, समजावून द्याव्यात. एक रिले वेळेवर नीट लावला, तर एका हंगामाचे पीक वाचते.