रानातील दिवा आणि काठीची सावली



सटाण्याच्या पश्चिमेस साल्हेर-मुल्हेरचे डोंगर आहेत. समजा, तेथील एखाद्या वनचौकीला वीज हवी आहे. तारा न्यायच्या तर खांब रोवावे लागतील, झाडे तोडून पट्टा मोकळा करावा लागेल. मग वीज चौकीतच तयार केली तर?

ही अडचण उपग्रहांनाही होती. १९५८ साली अमेरिकेने सोडलेल्या ‘व्हॅन्गार्ड-१’ वर दोन प्रक्षेपक होते. साध्या बॅटरीवर चालणारा त्याच वर्षी जूनमध्ये बंद पडला. सौरघटांवर चालणारा मात्र १९६४ पर्यंत संदेश पाठवीत राहिला. पण अवकाशात ढगही नाहीत आणि झाडेही नाहीत. रानात दोन्ही आहेत. म्हणून सौर दिवे बसविणाऱ्याने हातात पाना घेण्यापूर्वी कागद, पेन्सिल आणि एक काठी घ्यावी.

गरज किती? ९ वॅटचे ४ दिवे रोज ५ तास लावले, तर १८० वॅट-तास ऊर्जा लागते. बिनतारी संच व मोबाइल यांसाठी ६० धरू. एकूण २४०. तारा, नियंत्रक व बॅटरी यांत सुमारे ३० टक्के ऊर्जा वाया जाते असे मानले, तर २४० ÷ ०.७, म्हणजे रोज सुमारे ३४० वॅट-तास मिळवावे लागतील.

पॅनेल केवढे? पॅनेलवर लिहिलेले वॅट भर उन्हातले असतात. निरभ्र दिवशी सकाळचे कोवळे व दुपारचे कडक ऊन मिळून ५ तासांच्या भर उन्हाइतके धरू. ३४० ÷ ५ = ६८. मग ७० वॅटचे पॅनेल पुरेल? उन्हाळ्यात पुरेल, श्रावणात नाही. पावसाळ्यात ३ तासच धरले, तर ११३ वॅट लागतात. म्हणून १५० वॅटचे घेऊ.

बॅटरी केवढी? सलग ३ दिवस सूर्य दिसलाच नाही तर? २४० × ३ = ७२०. शिसे-आम्ल बॅटरी वारंवार निम्म्याहून अधिक रिकामी केली, तर तिचे आयुष्य घटते. म्हणून दुप्पट, म्हणजे १,४४० वॅट-तास. १२ व्होल्टने भागले की १२० अँपिअर-तास येतात. थोडा हात राखून १५० ची घेऊ. तिचे वजन ५० किलोंच्या आसपास किंवा त्याहून जास्त भरते! गाडीरस्ता संपला, की आम्ल सांडू न देता ती दोघांनी उचलून न्यायची. ओझे वाचविण्यासाठी लहान बॅटरी नेली, तर दिवा कधी विझेल? नेमका पावसाच्या रात्री. आणि कोणाला साप चावला, तर बिनतारी संच तेव्हाच हवा असतो.

सावलीचे काय? १२ व्होल्टच्या पॅनेलमध्ये बहुधा ३६ सौरघट एकापुढे एक जोडलेले असतात. तुमच्याकडे मोसम, आरम या नद्यांवर फड पद्धतीचे पाट आहेत. पाटात एका जागी दगड पडला, की पुढच्या साऱ्या शेतांचे पाणी कमी होते. तसेच येथे घडते. सागाच्या एका पानाने एक घट पूर्ण झाकला, तरी पॅनेलची बरीचशी वीज अडते. म्हणून दक्षिणेकडील झाडे पाहून जागा ठरवावी लागते.

आता काठीचा उपयोग पाहा. सटाणा सुमारे २०.६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २२ डिसेंबरला मध्यान्ही सूर्य डोक्यावरून सुमारे ४४ अंश दक्षिणेकडे असतो. तेव्हा १ मीटर काठीची सावली सुमारे ९७ सेंटिमीटर पडते. सकाळी साडेनऊच्या सुमारास ती जवळजवळ दुप्पट असते. म्हणून १० मीटर उंच झाडापासून पॅनेल निदान २० मीटर दूर हवे. झाड तोडायचे नाही, पॅनेलची जागा बदलायची! पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून सुमारे २१ अंशांनी कलते बसवावे.

करून पहा : शाळेच्या अंगणात १ मीटरची काठी सरळ उभी करा. २२ डिसेंबरला बारा ते एक या वेळात दर ५ मिनिटांनी सावलीचे टोक खडूने नोंदवा. सर्वांत आखूड सावली साडेबाराच्या सुमारास मिळेल. तीच खरी दक्षिणोत्तर रेषा. होकायंत्राची गरज नाही. मग अंगणातील झाडांची उंची काढा आणि शाळेसाठी पॅनेल कोठे बसवाल ते नकाशावर दाखवा. तुमची जागा का योग्य, हे गुरुजींना पटवून द्या.