ड्रॉपच्या मागे घालवलेला उन्हाळा

2024 च्या एप्रिलमध्ये आमच्या शेतीच्या फिडरला रात्रीची पाळी होती. लाइट रात्री साडेदहाला यायची आणि सकाळी साडेसहाला जायची. आधीच्या पावसाळ्यानं दगा दिला होता. सरकारनं दुष्काळ जाहीर केलेल्या 40 तालुक्यांत आमचा बदनापूर होता. विहिरीत जेमतेम दोन तास मोटर चालेल एवढं पाणी साचायचं, आणि तेवढ्यावर आंबे बहाराची मोसंबी जगवायची होती. फळं लिंबाएवढी झाली होती. वडिलांचा, म्हणजे अण्णांचा, गुडघा धरला होता, म्हणून रात्री मोटर चालू करायचं काम माझ्याकडं होतं.

त्या रात्री लाइट आली तेव्हा मी ‘वॉरफ्रेम’ या कॉम्प्युटरवरच्या खेळात एका सर्व्हायवल मिशनच्या सतराव्या मिनिटाला होतो. या मिशनमध्ये दर पाच मिनिटांनी काहीतरी मिळतं, आणि मला हवं असलेलं फक्त विसाव्या मिनिटाला मिळू शकत होतं. तीन मिनिटांत उठतो, असं मनाशी म्हटलं. विसावं मिनिट झालं, भलतंच काहीतरी हाती आलं, म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. शेतात पोचलो तेव्हा सहा वाजून गेले होते. अर्धा तास मोटर चालली नाही तोच लाइट गेली. त्या आठवड्यात असं तीनदा झालं. पुढच्या पंधरवड्यात विहिरीपासून लांबच्या दोन ओळींखाली हिरव्या फळांचा सडा पडला.

अण्णा ओरडले नाहीत. झाडाखाली बसून त्यांनी एवढंच विचारलं, “पैसे लावून खेळायलास का रे?”

“नाही अण्णा.”

“मग काय मिळायलंय त्याच्यात?”

एका तलवारीचं पातं. दोन महिने झाले होते आणि तेही मिळालं नव्हतं. हे मी त्यांना सांगू शकलो नाही.

खेळू नका, असं मी कुणाला सांगणार नाही. मी आजही खेळतो, आणि दुर्मिळ वस्तू मिळाल्याचा आनंद खोटा नसतो. पण जे मला नंतर वही-पेन घेऊन तासाभरात कळलं ते आधी कळलं असतं, तर त्या दोन महिन्यांचे आठ-दहा दिवस झाले असते.

मिशनमध्ये पडणाऱ्या वस्तूला खेळाडू ड्रॉप म्हणतात, आणि एकच मिशन पुन्हा पुन्हा खेळून असा माल गोळा करण्याला फार्मिंग. शेतकऱ्याच्या घरात वाढून मी हे फार्मिंग पेरणीआधीची तपासणी न करता केलं. अण्णा दरवर्षी मृगाच्या आधी घरच्या सोयाबीनचे शंभर दाणे मोजून घेतात, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडतात, गुंडाळून ठेवतात आणि सहा-सात दिवसांनी किती उगवले ते मोजतात. सत्तर उगवले तर पेरायचं, कमी उगवले तर एकरी बियाणं वाढवायचं किंवा दुसरं आणायचं. विकतच्या पिशवीवरच्या लेबलवरही सोयाबीनची किमान उगवणक्षमता 70 टक्के छापलेली असते. आमचं जालना बियाण्यांचं गाव आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये महिको इथंच सुरू केली. अशा जिल्ह्यातला मुलगा लेबल न वाचता पेरत सुटला होता.

खेळातही लेबल असतं. वॉरफ्रेममध्ये प्राइम या खास वस्तूंचे भाग रेलिक नावाच्या बंद डबीत असतात. आधी रेलिक मिळवायचं, मग फिशर नावाच्या मिशनमध्ये नेऊन दहा रिअ‍ॅक्टंट गोळा करून ते उघडायचं. प्रत्येक रेलिकमध्ये सहा वस्तू असतात: तीन साध्या, दोन मधल्या, एक दुर्मिळ. निघते त्यातली एकच. कुठल्या मिशनमध्ये कुठलं रेलिक किती टक्के पडतं, याचे तक्ते खेळ बनवणारे स्वतः जाहीर करतात. मी ते उघडूनही पाहिले नव्हते. पुढं पाहिले तेव्हा कळलं, की पहिले दोन आठवडे मी ज्या रेलिकच्या मागे होतो ते ‘व्हॉल्ट’मध्ये गेलेलं होतं. म्हणजे त्या काळात ते कुठल्याच मिशनमध्ये पडत नव्हतं. शक्यता शून्य टक्के, आणि मी रोज चार तास. पातं ज्या दुसऱ्या रेलिकमध्ये होतं, ते मिळत होतं. म्हणून पहिलं काम हेच: हवी ती वस्तू आज पडते का, आणि कुठं, ते तक्त्यात पाहायचं. कुणी सांगितलं, कुणाच्या जुन्या व्हिडिओत दिसलं, यावर जायचं नाही.

मग आकडे. रेलिक जसं मिळतं तसंच उघडलं, तर दुर्मिळ वस्तूची शक्यता 2 टक्के. मी समजत होतो की 50 उघडली की एक निघणारच. हिशेब तसा नाही. शंभर खेळाडूंनी प्रत्येकी 50 उघडली, तर साधारण 36 जणांच्या हाती काहीच लागत नाही. 49 वेळा न मिळालं म्हणून पन्नासाव्या वेळी शक्यता वाढत नाही. ती तीच 2 टक्के राहते. ‘इतकं केलं, आता पडेलच’ हे वाक्य मी रात्री दोन वाजता किती वेळा म्हटलं असेल! बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञानं कबुतरांवर प्रयोग करून दाखवलं होतं, की दाणा कितव्या टोचीला मिळेल हे ठरलेलं नसलं, की पक्षी टोचत राहतो आणि दाणे थांबले तरी लवकर सोडत नाही. हे वाचल्यावर मला स्वतःचा राग कमी आला आणि सावधपणा जास्त आला.

तेच रेलिक 100 व्हॉइड ट्रेस (खेळात जमवायची एक गोष्ट) खर्चून ‘रेडियंट’ केलं, की शक्यता 10 टक्के होते. पाचपट. एका फिशर मिशनमध्ये 6 ते 30 ट्रेस मिळतात, म्हणजे शंभर व्हायला पाच-सहा मिशन लागतात. मला ते जिवावर यायचं, आणि मी घाईनं कच्चीच रेलिकं उघडून टाकायचो. पण खरी ताकद चौघांत आहे. चार खेळाडूंनी एकाच जातीचं रेडियंट रेलिक आणलं, तर चार वस्तू निघतात आणि प्रत्येकाला त्या चारांतली कुठलीही एक घेता येते. दुसऱ्याच्या रेलिकमधून निघालेलं पातं मीही घेऊ शकतो, त्याचं काही कमी होत नाही. एका फेरीत शक्यता 34 टक्क्यांवर जाते, पाच फेऱ्यांत 88 टक्क्यांवर. एकट्यानं कच्च्या रेलिकवर 88 टक्के गाठायला शंभरावर उघडावी लागतात. मी एकटा खेळायचो, कारण अनोळखी माणसांशी इंग्रजीत बोलायची लाज वाटायची. बोलायला फारसं लागतच नाही. रेलिकचं नाव आणि ‘रेडियंट’ एवढे शब्द पुरतात. शिवाय मराठी खेळाडू शोधले तर सापडतात. आमच्या चौघांत एक अंबडचा आहे आणि एक जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये शिफ्ट करतो. त्याची सेकंड शिफ्ट असेल त्या आठवड्यात आम्ही रेलिकं साठवतो आणि रविवारी उघडतो.

दुसरा हिशेब वेळेचा, आणि इथं बहुतेकजण चुकतात. मोठा टक्का दिसला की तिकडं धावतात. समजा एका मिशनमध्ये 10 टक्के शक्यता आहे, पण त्याला लोडिंगसकट 20 मिनिटं लागतात. दुसऱ्यात 5 टक्केच, पण ते चार मिनिटांत संपतं. पहिलं तासात तीनदा होतं, दुसरं पंधरा वेळा. तासाभरात वस्तू मिळण्याची शक्यता पहिल्यात 27 टक्के, दुसऱ्यात 54. मोबाईलचं घड्याळ लावून पाच वेळा मिशन खेळा, सरासरी काढा, मगच ठरवा. पुण्यातल्या खेळाडूची चार मिनिटं माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर सहा होतात.

आणि खेड्यात राहणाऱ्यानं एक गोष्ट हिशेबात धरलीच पाहिजे. घरची लाइट आमच्याकडं रात्रीतून दोन-तीनदा क्षणभर जाऊन येते, इंटरनेट मोबाईलच्या हॉटस्पॉटवर. एकट्यानं खेळताना मिशन पूर्ण करून बाहेर पडण्याआधी कॉम्प्युटर बंद पडला, तर तोवर जमवलेलं जातं. वहीत नोंद ठेवायला लागल्यावर दिसलं, की माझ्या 40 लांब मिशनांपैकी 9 अशी तुटली होती. बाहेरच्या माणसानं सर्वांत चांगलं म्हणून सांगितलेलं वीस मिनिटांचं मिशन माझ्यासाठी चांगलं नव्हतंच. लिथ या प्रकारच्या रेलिकसाठी व्हॉइड या भागातलं हेपिट हे कॅप्चर मिशन मला परवडतं: पकडायचं, पळायचं, संपलं. चौघांत खेळताना होस्टही, म्हणजे ज्याच्या कॉम्प्युटरवर मिशन चालतं तोही, मी होत नाही. होस्टची लाइट गेली की बाकीच्या तिघांचा खोळंबा होतो.

त्या उन्हाळ्यात पैसेही गेले, तेही सांगतो. एका अनोळखी खेळाडूनं तेच पातं 600 रुपयांत देतो म्हणून यूपीआयवर पैसे घेतले आणि मला ब्लॉक केलं. खेळाबाहेर रुपयांत असा सौदा करणं खेळाच्या नियमांतही बसत नाही. मी लाजेनं कुणाला बोललो नाही. बोलायला हवं होतं. असं कुणाचं झालं तर ताबडतोब 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करा, जितका उशीर तितके पैसे लांब जातात. पासवर्ड आणि ओटीपी कुणालाही नाही, जवळच्या मित्रालाही नाही.

सौदा करायचाच तर खेळातला आहे. मास्टरी रँक 2 झाला की खेळाडूंना एकमेकांच्या वस्तूंची प्लॅटिनम या खेळातल्या चलनावर देवघेव करता येते. रेलिकं उघडताना नको असलेले भाग साठतातच. ते विकून हवा तो भाग घेता येतो. म्हणून सुरू करायच्या आधीच वहीत थांबायची रेघ मारून ठेवावी. माझी रेघ चौघांच्या सात फेऱ्यांची आहे. सात फेऱ्यांत मिळायची शक्यता 95 टक्क्यांच्या आसपास असते. तरीही नाही मिळालं तर आठवी फेरी नाही, साठलेले भाग विकून पातं विकत. रेघ आधी मारायची, कारण रात्री एक वाजता ती मारायची ताकद माझ्यात नसते.

पातं शेवटी जुलैत मिळालं, चौथ्या फेरीत, अंबडच्या मित्राच्या रेलिकमधून. तोवर पाऊस पडला होता.

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतला अकरावीचा मुलगा आला. “दादा, एक रेलिक पाहिजे, कुठलं मिशन लावू?” मी तक्ता उघडला, वही काढली, आणि आधी त्याला विचारलं, या आठवड्यात तुमच्या फिडरला दिवसाची पाळी आहे की रात्रीची.